रविवारचे अडीच तास आणि कमी झालेले साडेसत्तावन्न डॉलर

गोष्ट एका आठवड्याची आहे. शनिवार २५ नोव्हेंबर ते शुक्रवार १ डिसेंबर २०२३, अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका छोट्या गावाच्या पोस्टात. थँक्सगिव्हिंग गुरुवारी २३ तारखेला होऊन गेलेलं, ब्लॅक फ्रायडेची खरेदी डब्यांत भरून निघालेली, म्हणजे सीझन सुरू. आधीच सांगून टाकतो, यातली ताई कुणी एक खरी बाई नाही, नियम नीट कळावेत म्हणून उभी केलेली आहे आणि पगाराचा दरही हिशोबाला सोपा जावा म्हणून ताशी २० डॉलर धरलाय. नियम मात्र खरे आहेत, आणि घोळ त्या नियमांतच आहे.

तर ताई आरसीए आहे, म्हणजे रूरल कॅरियर असोसिएट. सोप्या भाषेत बदली. गावाबाहेरच्या शेतांच्या, मळ्यांच्या रस्त्यांवर टपाल वाटणारा एक कायम कॅरियर असतो, त्याला रेग्युलर म्हणतात, आणि त्याच्या सुट्टीच्या दिवशी, आजारपणात ताई जाते. हे रूरल डिलिव्हरीचं काम जुनं आहे बरं का, १ ऑक्टोबर १८९६ ला वेस्ट व्हर्जिनियात सुरू झालं, त्याआधी शेतकऱ्याला टपालासाठी गावात खेटे घालायला लागायचे. आणि पगाराची पद्धत पण शहरातल्या पोस्टमनपेक्षा वेगळी. शहरातला घड्याळावर, तासाप्रमाणे. रूरलवाला उक्त्यावर.

उक्तं म्हणजे आपल्याकडे शेतात देतात तसंच की, एवढा ऊस तोडायचा, एवढे पैसे, सकाळी उरकलं काय आणि संध्याकाळी उरकलं काय. इथे रूटचं मोजमाप करून ठेवतात, किती टपालपेट्या, किती मैल, किती पार्सलं, आणि त्यावरून आठवड्याचे तास ठरतात. ताईचा रूट आहे ४६के. ४६ म्हणजे आठवड्याचे तास, के म्हणजे रेग्युलरने आठवड्यात पाच दिवस करायचा आणि सहाव्या दिवशी बदलीने, जे आणि एच अशी पण अक्षरं असतात, ती आत्ता सोडा. ४६ ला ५ ने भागलं की दिवसाचे ९ तास १२ मिनिटं. ताईने रूट साडेसात तासांत संपवला तरी तिला ९ तास १२ मिनिटांचे पैसे. म्हणून हात चलाख असलेल्या बदलीला हे काम आवडतं, आणि मे २०२३ मध्ये मोजमापाची नवीन पद्धत आली, स्कॅनरवरून सगळं मोजणारी, त्यात पुष्कळ रूटचे तास खाली आले तेव्हा इतकी बोंबाबोंब झाली ती याच कारणाने, लोकांचं उक्तंच कापलं गेलं ना.

आता खरी गोम. बदलीला हे उक्तं मिळतं ते आठवड्यात प्रत्यक्ष काम ४० तासांच्या आत राहिलं तरच. ४० च्या वर एक मिनिट जरी गेलं तरी अख्ख्या आठवड्याचं उक्तं मोडतं आणि हिशोब रोजंदारीवर येतो, जेवढे तास खरे केले तेवढेच, ४० पर्यंत साधा दर आणि पुढचे दीडपट. बाहेरचा माणूस ऐकतो तेव्हा म्हणतो, अरे वा, दीडपट! पण दीडपट त्या वरच्या शेपटालाच लागतं, आणि त्या शेपटासाठी आधीच्या पाच दिवसांतली रोजची कमावलेली तास-दीड तासाची बचत हातची जाते.

आता आठवडा बघा. रेग्युलर बाई फ्लूने आडवी झालेली, म्हणून ताईला शनिवार तर होताच, सोमवार ते गुरुवारही तिनेच काढला. शनिवारी ७ तास ४० मिनिटं. सोमवारी ८:३५, त्यातली ४० मिनिटं पार्सलचा ट्रक यायची वाट बघण्यात, सीझनला ट्रक वेळेवर आला तर पेढे वाटायचे. मंगळवारी ७:५०, बुधवारी ७:४५, गुरुवारी ७:४५. बेरीज ३९ तास ३५ मिनिटं. बरोबर ४० च्या आत, पंचवीस मिनिटं राखून, आणि पगार ४६ तासांचा, ९२० डॉलर. मस्त.

पण मधे एक रविवार आहे. रविवारी सकाळी फोन आला की पार्सलं साचलीत, ये. रविवारचं पार्सलवाटप हे रूटमधे धरत नाहीत, ते उक्त्यात नाही, घड्याळावर. साडेनऊ ते बारा, अडीच तास. गुरुवारचा रूट उरकल्यावर ताईने मनात हिशोब केला, ४६ अधिक अडीच, साडेअठ्ठेचाळीस, म्हणजे ९७० डॉलर, मुलीचे स्नो बूट निघाले.

आले किती? प्रत्यक्ष तास ३९:३५ अधिक २:३०, म्हणजे ४२ तास ५ मिनिटं. ४० साधे, वरचे २ तास ५ मिनिटं दीडपटीने म्हणजे ३ तास साडेसात मिनिटं. एकूण ४३.१२५ तास, ८६२ डॉलर ५० सेंट. रविवारी घरी गादीत लोळत पडली असती तर ९२०. अडीच तास जास्त काम केलं आणि साडेसत्तावन्न डॉलर कमी मिळाले. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दोनदा बेरीज तपासली, बरोबरच आहे.

अजून एक बाजूने बघा म्हणजे जास्त झोंबेल. बुधवारी संध्याकाळी तिचे ३४ तास २० मिनिटं भरले होते. गुरुवारी ती गेलीच नसती तर चार दिवसांचं उक्तं ३६.८ तास आणि रविवारचे अडीच, ३९.३ तास, ७८६ डॉलर. गुरुवारी गेली म्हणून ८६२.५०. म्हणजे गुरुवारच्या पावणेआठ तासांची तिची कमाई साडेशहात्तर डॉलर, ताशी दहाला पण जरा कमीच. वीस डॉलरवाली बाई एक अख्खा दिवस निम्म्या दराने राबली आणि पेस्लिपवर मात्र ओव्हरटाइम लिहून आलाय! पेस्लिप बघणारा नवरा म्हणणार, ओव्हरटाइम मिळाला की तुला.

तोटा कुठवर टिकतो तेही सांगतो, कारण सगळे इथेच फसतात. ४६ च्या उक्त्याएवढे पैसे रोजंदारीने मिळायला प्रत्यक्ष ४४ तास भरावे लागतात. म्हणजे ४० ते ४४ ही खड्ड्याची जागा, त्यात पडलात की नुकसान, ४४ च्या पुढे गेलात की परत वर येता. म्हणून काही जुन्या बदल्या म्हणतात की एकतर ४० च्या आत ठेव नाहीतर मला पन्नास दे, मधे लटकवू नको. रूट छोटा असेल तर खड्डा पण छोटा, रूटचे तास आणि तुमचे तास यांत फरकच नसेल तर खड्डाच नाही. ज्याचा हात जेवढा चलाख त्याचा खड्डा तेवढा मोठा, हे मला सगळ्यात विचित्र वाटतं.

आता प्रकरणाचा गाभा. गुरुवारी संध्याकाळी ताई परत आली, ट्रे ठेवले, स्कॅनर चार्जिंगला लावला, तेव्हा पोस्टमास्तरने बेरीज केली आणि त्याच्या लक्षात आलं. माणूस वाईट नव्हता, खरं तर त्याला तिचं भलंच करायचं होतं. तो म्हणाला, तुझं नुकसान होतंय, आपण असं करू, रविवारी तू ९:५५ ला संपवलंस असं लिहू. अडीच तासांऐवजी पंचवीस मिनिटं. म्हणजे एकूण बरोबर ४० तास, तुझं ४६ चं उक्तं शाबूत, वर पंचवीस मिनिटांचे आठ डॉलर, आणि माझ्या रिपोर्टवर ओव्हरटाइम शून्य. तू पण खूश, मी पण खूश.

हिशोब बघा, तो खरंच म्हणत होता तसाच आहे. ९२८ डॉलर ३३ सेंट. खरं लिहिलं तर ८६२.५०, खोटं लिहिलं तर पासष्ट डॉलर ८३ सेंट जास्त. तास कापून चोरी म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यासमोर मालक कामगाराचा खिसा कापतो असं चित्र येतं, इथे कामगाराचाच खिसा भरतोय. म्हणून हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं. ज्याला फायदा होतोय तो तक्रार करत नाही, ज्याने कापलं तो बोलत नाही, आणि कागदावर मात्र रविवारचे दोन तास पाच मिनिटं गायब, जणू ती बाई त्या वेळात पृथ्वीवर नव्हतीच.

ताईने लगेच हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. म्हणाली उद्या सांगते. गाडीत बसून तिने युनियनच्या स्टुअर्डला फोन लावला. रूरल कॅरियर्सची वेगळी युनियन आहे, एनआरएलसीए, शहरवाल्यांची वेगळी. स्टुअर्ड म्हणजे कामगारांच्या बाजूने बोलणारी युनियनची प्रतिनिधी, ही जुनी कॅरियर, तीस वर्षं रस्त्यावर काढलेली, तिने सल्ला द्यायच्या आधी एकच विचारलं, रविवारी शेवटचं पार्सल किती वाजता स्कॅन केलंस?

शेवटचं स्कॅन ११:४८ चं.

संपलं की मग. प्रत्येक पार्सल दारात ठेवताना हातातला स्कॅनर वेळ आणि जीपीएसची जागा दोन्ही टिपतो. कागद म्हणणार ९:५५ ला घरी गेली, मशीन म्हणणार ११:४८ ला गावाबाहेर आठ मैलांवर एका फार्महाऊसच्या पायरीवर उभी. आणि उद्या कुणी तपासलं तर खोट्या कागदावर सही कुणाची? पोस्टमास्तरचीच असेल असं नाही, तास भरायचा कागद कॅरियर स्वतः भरतो, रूटच्या दिवशी तो फॉर्म ४२४०, ट्रिप रिपोर्ट म्हणतात त्याला, रोज किती वाजता आलो, किती वाजता रूटवर निघालो, परत कधी, सुटलो कधी. वेळेची खोटी नोंद हे नोकरी जाण्याचं कारण आहे, आणि बदलीची नोकरी तर आधीच पातळ धाग्यावर.

स्टुअर्डने दुसरी गोष्ट सांगितली ती पैशाच्या पलीकडची होती. नोव्हेंबरच्या शेवटी पायऱ्यांवर बर्फाचा पापुद्रा असतो. समज, रविवारी ११:२० ला तू घसरलीस आणि मनगट मोडलं. किंवा कुत्रं चावलं. ड्युटीवर जखम झाली तर फेडरल कर्मचाऱ्याला भरपाईचा कायदा आहे, १९१६ पासूनचा, पण तू ड्युटीवर होतीस हे दाखवायचं कशाने? कागदाने. आणि कागदावर तू ९:५५ ला सुटलीस. तेव्हा रविवारी काही झालं नाही हे खरं, पण सवय लागली की कुठल्यातरी रविवारी होतंच.

कायदा काय म्हणतो ते पण बघून घेऊ, जास्त वकिली न करता. अमेरिकेत १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट आहे, फेडरल कर्मचारी त्यात १९७४ च्या दुरुस्तीने आले. त्यात मालकाने काम सांगितलं नसेल पण होऊ दिलं असेल तरी ते काम धरायचं, आणि नुसतं आम्ही सांगितलं नव्हतं म्हणून हात झटकता येत नाहीत. नको असेल तर थांबवायची जबाबदारी मॅनेजमेंटची. म्हणजे ओव्हरटाइम नको तर माणसाला आधी घरी पाठवा, काम करून घेऊन मागाहून पेन चालवू नका. कामगार स्वतः म्हणाला चालेल, तरी चालत नाही, हा हक्क सोडून देता येण्यातला नाहीच.

तीच गोष्ट ट्रकच्या वाट बघण्याची. पोस्टात उभं राहून डॉककडे, म्हणजे ट्रक लागतो त्या धक्क्याकडे, बघत बसलेली ४० मिनिटं हे कामच आहे, ४२४० वर जायलाच पाहिजे, आणि काही ठिकाणी म्हणतात ना, ट्रक आला की मग टाइम लिही, तसं नाही. बदलीला गंमत अशी की ती ४० मिनिटं लिहिल्याने एक सेंटही जास्त मिळत नाही, उक्तं तेवढंच, उलट ४० च्या रेषेकडे ती ४० मिनिटं सरकते. तरी लिहायची. आणि जेवणाचं पण, अर्ध्या तासाची सुट्टी खरंच घेतली, गाडी बाजूला लावून, कामातून पूर्ण मोकळं होऊन, तरच लंच म्हणून वजा करायचं. एका हाताने सँडविच आणि दुसऱ्या हाताने पेटीत टपाल, हे जेवण नव्हे. कितीतरी लोक सवयीने रोज अर्धा तास वजा लिहितात आणि आठवड्याचे अडीच तास असेच देऊन टाकतात.

इथे थोडं विषयांतर करतो. आपल्याकडच्या ग्रामीण डाक सेवकांचं पण असंच उक्त्यासारखं आहे, त्यांना पगार नाही म्हणत, टीआरसीए म्हणतात, म्हणजे कामाच्या वेळेवर ठरणारा भत्ता, जुलै २०१८ पासून डाक सेवकाला चार तासांच्या कामाला किमान १० हजार आणि पाच तासांना १२ हजार, ब्रँच पोस्टमास्तरला १२ हजार आणि साडेचौदा हजार. म्हणजे तिथेही कामाचा भार आधी मोजायचा, आणि माणूस प्रत्यक्ष किती वेळ राबला ते घड्याळ कुणी बघत नाही. फरक एवढाच की तिथे चाळीसची रेषा नाही, त्यामुळे हा खड्डा पण नाही, बाकी दुखणी वेगळी आहेत. असो.

रेग्युलर बाईचं काय, हा प्रश्न येतोच, कारण तिच्यासाठी नियम वेगळेच. बहुतेक रेग्युलर कायद्याच्या ज्या कलमाखाली येतात त्यात ४० ची रेषाच नाही. दिवसात १२ तासांच्या वर किंवा आठवड्यात ५६ च्या वर गेलं तर ओव्हरटाइम, आणि वर्षाच्या ५२ आठवड्यांत २०८० च्या वर. वर्षाला २२४० ची हद्द आहे, ती ओलांडली तर ती सवलतच जाते, म्हणून ऑफिस त्यावर डोळा ठेवून असतं. म्हणजे साधारण आठवड्यात ४६ च्या रूटवर रेग्युलरने ५२ तास काढले तरी जास्तीचं काही नाही. डिसेंबरात मात्र ख्रिसमस ओव्हरटाइमचे ठरावीक आठवडे असतात, त्यात रेग्युलरला रूटच्या आठवड्याच्या तासांपेक्षा प्रत्यक्ष जास्त झालं तर वरचे दीडपट. आपला आठवडा त्या ठरावीक आठवड्यांच्या आधीचा, त्यामुळे तो विषयच नव्हता, पण ऑफिसात सगळे ख्रिसमस ओव्हरटाइम ख्रिसमस ओव्हरटाइम करत असतात आणि नवीन बदलीला वाटतं आपल्यालाही तेच लागू, आणि त्या समजुतीवर रविवारचा फोन उचलला जातो.

तर शुक्रवारी ताईने पोस्टमास्तरला सांगितलं, आहे तसंच राहू द्या. तो जरा दुखावला, म्हणाला मी तुझ्यासाठीच म्हणत होतो. ती म्हणाली माहितीये मला, पण मग बुधवारी का नाही बघितलं? हा प्रश्न मला सगळ्यात योग्य वाटतो. बुधवारी संध्याकाळी ३४:२० होते, दुसरी एक बदली त्याच ऑफिसात होती जिचे त्या आठवड्यात जेमतेम वीस तास झालेले. गुरुवार तिला दिला असता तर तिचं एक अख्खं उक्तं झालं असतं, ताईचा गुरुवार निम्म्या दराने गेला नसता, आणि ओव्हरटाइम शून्य पण खरा शून्य. किंवा त्याहून आधी, रविवारीच तिला बोलावलं असतं. रेग्युलर पूर्ण आठवडा आजारी राहणार हे शनिवारी माहीत नव्हतं, हे मी मान्य करतो, त्यामुळे रविवारचा दोष मी त्याला देत नाही. बुधवारचा देतो. पाच आकड्यांची बेरीज होती.

ग्रिव्हन्स, म्हणजे युनियनमार्फत रीतसर तक्रार, करायचा का, तर इथे नाही. ४० च्या वर गेलं की प्रत्यक्ष तासांवर पैसे, हे करारातच आहे, तोटा झाला पण नियम मोडला नाही. मोडला असता तो खोटं लिहिलं असतं तर, किंवा तिला न विचारता परस्पर बदललं असतं तर. तसं झालं तर मात्र मुदत लक्षात ठेवायची, युनियनच्या करारात कळल्यापासून १४ दिवस, आणि कायद्याने कोर्टात जायला दोन वर्षं, जाणूनबुजून केलेलं असेल तर तीन. आणि त्यासाठी हातात काहीतरी लागतं, म्हणून स्टुअर्डने तिला सांगितलं की स्वतःची एक छोटी वही ठेव, ऑफिसच्या कागदावर काय आहे त्याच्याशी संबंध नाही, रोज सुटलं की गाडीत बसून आल्याची आणि सुटल्याची वेळ, ट्रकसाठी थांबलेली मिनिटं, आणि शनिवारपासूनची चढती बेरीज. आठवडा शनिवारी सुरू होतो हे पण लोक विसरतात, सोमवारपासून मोजतात आणि शनिवार-रविवार हिशोबातून सुटतात, नेमके तेच दोन दिवस बदलीचे.

आता वही डॅशबोर्डवर असते, पेनला रबरबँडने बांधलेली, कारण थंडीत पेन हमखास सीटखाली जातं.

रविवारी ३ डिसेंबरला सकाळी परत फोन आला. ताईने वही उघडली, शनिवारचे ७:५५ लिहिलेले, रेग्युलर बाई सोमवारपासून परत येणार म्हणून कळवून मोकळी झालेली, म्हणजे पुढे पाच दिवस काहीच नाही. तीच पार्सलं, तोच रस्ता, तेच अडीच तास, पण या वेळी त्याचे सरळ ५० डॉलर सुटणार होते. येते म्हणाली.